मोबाइलची अंतिम पैसेवारी

"काका, तुमची गरज काय हाये ते सांगा, मंग फोन दाखवतो," शाकीब म्हणाला, आणि अमरावतीच्या राजापेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात देवराव निंभोरकरांची वाचाच बसली.

आता देवराव म्हणजे काही प्रश्नाला घाबरणारे गृहस्थ नव्हेत. मूर्तिजापूरकडच्या गावांत एकतीस वर्षं तलाठी म्हणून काढलेली. विहिरीला पाणी किती, बैल किती दाती, भिंत पडली ती पावसाने पडली की आधीच पडायला टेकली होती, हे सगळं त्यांनी हजारो लोकांना विचारलं आणि रकान्यांत भरलं. गावोगावच्या गरजा त्यांना तोंडपाठ. पण 'तलाठ्याची स्वतःची गरज' असा रकाना सरकारने कधी छापलाच नव्हता. त्यामुळे देवराव आधी काचेतल्या फोनांकडे पाहत राहिले, मग छताकडे, आणि शेवटी 'विचार करून सांगतो' म्हणून बाहेर पडले. शिरताना सवयीने चपला पायरीवर काढल्या होत्या, त्या तिथेच राहिल्या. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी पायाला खडी टोचली तेव्हा त्यांना आठवण झाली. वळून पाहतात तो शाकीब त्यांच्या चपला हातात घेऊन रस्त्याने येतो आहे. निवृत्त शासकीय कर्मचाऱ्याची एवढी शोभा एका दिवसाला पुरेशी होती.

ज्या वर्षी बोंडअळीने वऱ्हाडातली कपाशी खाल्ली, त्या वर्षाची ही गोष्ट. दिवाळी नुकतीच सरली होती.

फोनचं लचांड आलं होतं पुण्याहून. तिथे गोवर्धन, म्हणजे देवरावांचा मुलगा, अकराव्या मजल्यावर राहतो. सुनेच्या आईची तब्येत बरी नसते म्हणून बाळंतपणाला वच्छलाबाई, म्हणजे देवरावांची बायको, गेल्या. गेल्या त्या सव्वा महिन्याच्या बोलीवर. सव्वा महिन्याचं उष्टावण झालं, उष्टावणाचं रांगणं झालं. नात पायावर उभी राहिली की निघते, असं म्हणता म्हणता नात सोफ्यावर चढून एकटी उतरायला लागली. आता ती बोलायला लागली की वच्छलाबाई येणार होत्या. चौदा महिने होऊन गेले होते. या गतीने पुढचा मुक्काम बालवाडी, असा देवरावांचा अंदाज होता, पण तो त्यांनी कोणाला बोलून दाखवला नव्हता. नातीवर आजोबांनी हरकत घ्यायची म्हणजे काय?

रोज संध्याकाळी सातला, घरातल्या देवांची आरती झाली की, देवराव आपल्या बटनांच्या फोनवरून पुण्याला फोन करीत. जेवले का? जेवतो आता. काय केलं? खिचडी. बरं आहे ना? बरं आहे. तिकडे? इकडेही बरं आहे. ठेवतो मग. ठेवा. एवढ्या संवादाला दीड मिनिट लागे. त्यातलं अर्धं मिनिट नात फोन ओढायची तिचं.

वास्तविक ही दोघं बोलघेवडी. पण त्यांच्या बोलण्याची जागा ठरलेली होती. कॉलनीतल्या दत्तमंदिरात दर एकादशीला कीर्तन असे. पुरुष उजवीकडे, बायका डावीकडे. कीर्तनात दोघं एकमेकांकडे पाहतसुद्धा नसत. बुवांनी अबीर लावला, आरती झाली, प्रसादाच्या लाह्या हातात पडल्या, की मंदिर ते घर या साडेचारशे पावलांत खरा उत्तररंग सुरू व्हायचा. बुवांनी अभंग कुठे ओढला, दृष्टांत कुठे घसरला, टाळकऱ्याने कोणाकडे पाहून जांभई दिली, यावर दोघांचं असं वाजे की बेबीताई आपल्या फाटकात उभ्या राहून ऐकत. बेबीताई म्हणजे शेजारच्या. त्या कीर्तनाला येत नसत, कारण त्यांच्या मते फाटकातलं जास्त रंगतं. वच्छलाबाई गेल्यापासून देवराव ती साडेचारशे पावलं मुकाट्याने चालत, आणि बेबीताईंनी फाटकात उभं राहणं सोडून दिलं होतं.

तर त्या गोवर्धनने सांगितलं की बाबा, आता एक चांगला स्मार्टफोन घ्या, तुमच्या गरजेप्रमाणे निवडा, पैसे मी पाठवतो. एवढंच. दुसरा कोणी असता तर संध्याकाळपर्यंत फोन घरी आला असता. पण देवरावांना निवड करायची म्हटली की एकच पद्धत ठाऊक होती, आणि ती होती पैसेवारी.

ज्यांनी शेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावात पीक किती आलं हे सरकार पैशांत मोजतं. भरपूर आलं तर रुपया. निम्मं आलं तर पन्नास पैसे. पन्नासच्या खाली गेलं तर दुष्काळ, आणि मग मदत. हे ठरवायला समिती असते, शिवारातले नमुन्याचे तुकडे पाडून पीक कापून तोलतात, आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम, आणि मध्ये लोकांच्या हरकती. देवरावांनी एकतीस वर्षं हे काम इतकं चोख केलं की त्यांच्या आकड्यावर पुन्हा कोणी बोट ठेवलं नाही. आता तीच चोख पद्धत ते फोनला लावणार होते.

समिती नेमली गेली. पिंपळाच्या पारापलीकडे राहणारा धर्मेंद्र बँकेत होता आणि त्याला फोनमधलं कळे, म्हणून तो तांत्रिक सदस्य. बेबीताई महिला प्रतिनिधी. आणि प्रगतिशील शेतकऱ्याची जागा रिकामी होती ती शाकीबला दिली, कारण शेवटी शिवार त्याचंच. शाकीबने विचारलं की यात मला करायचं काय. देवराव म्हणाले, काही नाही, हजर राहायचं आणि सही करायची. शाकीब म्हणाला, हे तर बिलावर बी करतो.

फोनांना नावं न देता गट क्रमांक दिले. नावावर जायचं नाही, पिकावर जायचं, हे तत्त्व. गट एक, लाल खोक्यातला. गट दोन, ज्याची पाठ आरशासारखी. गट तीन, जड. रकाने अकरा. धर्मेंद्रने सांगितलेले जीबी, बॅटरी, कॅमेरा हे तर होतेच. बेबीताईंचा आग्रह की फोनमध्ये चेहरा गोरा आला पाहिजे, नाहीतर घेण्यात अर्थ नाही, म्हणून तोही एक रकाना पडला. त्यांचं आणि धर्मेंद्रचं यावरून जुंपलं. धर्मेंद्र म्हणाला, "काकू, फोन काही ब्युटी पार्लर नाई." बेबीताईंनी त्याला विचारलं की मग तू आपला फोटो फोनमध्ये धुऊन का लावला आहेस. धर्मेंद्रने फोन खिशात घातला. ही नोंद इतिवृत्तात घ्यायची का, यावर देवरावांनी रात्रभर विचार केला आणि घेतली.

अकरावा रकाना देवरावांचा स्वतःचा: कीर्तन. फोनवर कीर्तन लावलं तर टाळ वेगळा, मृदंग वेगळा आणि बुवांचा श्वास वेगळा ऐकू आला पाहिजे. श्वास ऐकू येत नसेल तर ते कीर्तन नव्हे, जाहिरात.

ही चाचणी शाकीबच्या दुकानात एका दुपारी झाली. शाकीबने शोधून एक कीर्तन लावलं. पाच मिनिटं ऐकायचं ठरलं होतं. पण बुवा रंगात आले होते, आणि रंगात आलेल्या बुवांना पाचव्या मिनिटाला बंद करणं देवरावांच्या हातून घडण्यासारखं नव्हतं. ते स्टुलावर डोळे मिटून बसले. मांडीवर हाताने ताल सुरू झाला. चार्जर घ्यायला आलेला एक गृहस्थ मागे उभा राहिला, मग बसला. भाजी घेऊन जाणाऱ्या दोन बाया पायरीवर टेकल्या. तासाभराने दुकानात सात माणसं होती आणि त्यातलं एकही गिऱ्हाईक नव्हतं. एका म्हातारबुवांनी तर काचेवर फोनपुढे दहाची नोट ठेवली आणि हात जोडले. शाकीबने ती नोट उचलावी की नाही हे त्याला कळेना. शेवटी त्याने ती चौकातल्या मंदिराच्या पेटीत नेऊन टाकली आणि परत येऊन देवरावांना हळूच म्हणाला, "काका, कीर्तन मस्त होतं. पन आज बोहनी नाई झाली."

गट दोनला कीर्तनात अठ्ठ्याऐंशी पैसे मिळाले. उरलेल्या रकान्यांत मात्र कोणाचाच मेळ बसेना. नजरअंदाज पैसेवारी देवरावांनी सुवाच्य अक्षरात लिहून मंदिराच्या फळ्यावर लावली आणि सात दिवसांत हरकती मागवल्या. हरकती आल्या अकरा. तीन नळाच्या होत्या, चार मोकाट कुत्र्यांच्या, एकाने आपल्या धुलाईयंत्राचीही पैसेवारी काढून मागितली, आणि एक निनावी होती की तलाठी रिटायर झाले हे त्यांना कोणीतरी सांगावं. देवरावांनी तीही दाखल करून घेतली. उरलेल्या दोन फोनसंबंधी होत्या, पण त्या दोन्ही बेबीताईंच्या होत्या.

हरकती आल्या म्हणजे प्रत्यक्ष नमुना घेणं आलं. धर्मेंद्रने कंटाळून आपला फोन एका संध्याकाळपुरता देऊन टाकला, की काका, खरोखर लावून पाहा, वच्छलाकाकूंना तोंड दाखवा, म्हणजे निकाल लागेल. सातला त्याने पुण्याला जोडून दिलं, फोन देवरावांच्या हातात ठेवला आणि शहाण्यासारखा ओसरीवर जाऊन उभा राहिला.

पडद्यावर वच्छलाबाई दिसल्या. चौदा महिन्यांनी. त्यांच्या कानातल्या कुड्या नव्या होत्या. देवराव इतके गडबडले की फोन हातात कोणत्या बाजूने धरतात तेच विसरले, आणि पुण्याला त्यांच्या घराचं छत दिसू लागलं.

"हे जाळे कदीचे?" हे वच्छलाबाईंचं चौदा महिन्यांनंतरचं समोरासमोरचं पहिलं वाक्य.

पुढे जे झालं त्याला पंचनामाच म्हणावं लागेल. त्या सांगत गेल्या आणि देवराव फोन घेऊन घरभर फिरले. स्वयंपाकघर दाखवा. ओट्याखालचं दाखवा. तांब्याची कळशी काळी पडली आहे की अंधार आहे? दिवा लावा. तुळस दाखवा. तुळशीला पाणी घातलं ते आत्ता घातलं की रोज घालता? आयुष्यभर लोकांची घरं पाहणाऱ्या माणसाला स्वतःचं घर दाखवताना घाम फुटला. पण खरं सांगायचं तर तो घाम त्यांना गोड लागत होता. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्यांना कोणी रागावत होतं.

तेवढ्यात वच्छलाबाईंच्या खांद्यावरून गोवर्धन डोकावला. खुशीत होता बिचारा. म्हणाला, "बघा बाबा, किती छान झालं. आता असा फोन घेऊन टाका. रोज भेट होईल. म्हणजे आईलाही परत यायची घाई नाही, आरामात वर्षभर राहील."

वच्छलाबाईंनी काही बोलायला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. उघड्या तोंडाने त्या तशाच पडद्यावर राहिल्या. देवरावांनी फोन हलवला, अंगणात नेला, उंच धरला. धर्मेंद्र म्हणाला, रेंज गेली. दुसऱ्या दिवशी सातला बटनांच्या फोनवर देवरावांनी काही विचारलं नाही आणि वच्छलाबाईंनी काही सांगितलं नाही. खिचडी. बरं आहे. इकडेही बरं आहे.

पण त्या दिवसापासून पैसेवारीचं काम कमालीचं मंदावलं. समितीला कळेना की काकांना झालं काय. गट एकची बॅटरी काल चांगली होती, आज तिच्यात दोष निघाला. गट तीनचं वजन पुन्हा तोलायचं ठरलं. धर्मेंद्रने नवीन फोनची माहिती आणली की देवराव तिच्यात सतरा शंका काढत. शाकीबने निरोप पाठवला की गट दोनचं मॉडेल कंपनीने बंदच केलं, आता काय करायचं. देवरावांनी कळवलं की नवीन मॉडेल नवीन गट धरून प्रक्रिया पहिल्यापासून सुरू करावी. बेबीताईंना तर वाटलं, काका पैशाला जपतात. त्यांना कसं सांगणार की फोन जितका चांगला निघेल तितका वच्छलाबाईंचा मुक्काम वाढेल? आपल्याच बायकोला लांब ठेवणारं यंत्र आपणच चौकशी करून, उत्तमातलं उत्तम असं निवडायचं, ही कामगिरी कोणत्याही तलाठ्यावर येऊ नये.

मार्गशीर्षात दत्तजयंतीचा सप्ताह बसला. चौथ्या दिवशी बुवांनी सुदाम्याचं आख्यान लावलं. देवाच्या दारी आलेला सुदामा, त्याच्या फडक्यातले पोहे, आणि मागायला आलेला असूनही तोंडातून शब्द न फुटणारा तो ब्राह्मण. बुवांचा आवाज असा लागला होता की विणेकऱ्याचे डोळे भरले. आख्यानाच्या त्या जागेवर देवरावांनी डावीकडे पाहिलं. इतक्या वर्षांत कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. बायकांच्या रांगेत खांबाजवळची वच्छलाबाईंची जागा कोणीतरी घेतली होती, आणि घेतली यात त्या बाईंचा काही दोष नव्हता.

परतताना विसाव्या-तिसाव्या पावलाला देवराव सवयीने म्हणून गेले, "बुवाईनं पोह्यात लय वेळ घातला."

शेजारून सायकल हातात धरून चालणारा एक अनोळखी माणूस थांबला. "मले म्हणून राहिले का?"

"नाई, नाई," देवराव म्हणाले.

तो माणूस थोडा वेळ बरोबर चालला. मग म्हणाला, मला तर पोह्यांचं आवडलं. देवरावांनी वाद घातला नाही. ज्याच्याशी घालायचा त्याच्याशी घालावा. रस्त्यात भेटेल त्याच्याशी घालून त्याची चव कशाला घालवायची.

सप्ताह संपल्यावर समितीने निर्वाणीचं सांगितलं की अंतिम पैसेवारी जाहीर करा, नाहीतर आम्ही राजीनामे देतो. तेव्हा देवरावांनी शेवटची पळवाट काढली: नियमाप्रमाणे एक नमुना शिवाराबाहेरचा हवा. म्हणजे अकोल्याचा. शाकीबने कपाळाला हात लावला, पण अकोल्यातल्या आपल्या मावसभावाच्या दुकानाचा पत्ता दिला. देवराव बडनेऱ्याहून पॅसेंजरने निघाले, पिशवीत रकान्यांचा कागद, पाण्याची बाटली आणि डब्यात पोळी-लोणचं.

अकोल्याचं दुकान मोठं होतं. मावसभाऊ भला माणूस. अमरावतीहून काका येणार, जरा सांभाळून घे, असा निरोप त्याला मिळाला असावा. त्याने कॅमेरा दाखवायचा म्हणून देवरावांचा फोटो काढला आणि भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावून दिला. हातभर मोठा. देवरावांनी पाहिलं. स्वेटर उलटा घातलेला, शिवण बाहेर. हनुवटीच्या एका बाजूची दाढी राहून गेलेली. पिशवी छातीशी दोन्ही हातांनी धरलेली, जसे तालुक्याला पहिल्यांदा आलेले लोक धरतात. हा कोण गृहस्थ, याच्या घरी पाहायला कोणी नाही का, असा विचार त्यांच्या मनात आला आणि मग हे आपण आहोत हे लक्षात आलं.

मावसभावानेही पाहिलं असावं, कारण तो घाईघाईने म्हणाला की थांबा काका, याच्यात दुरुस्ती होते. त्याने बोट फिरवलं, दाढी गेली, सुरकुत्या गेल्या, देवराव एकदम गोरे झाले आणि त्यांचे ओठ लाल झाले. दुकानातली दोन माणसं हसली. देवरावांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. दुरुस्त करून दाखवलेलं पीक पैसेवारीत धरता येत नाही, एवढं बोलून ते निघाले. स्वेटर सुलटा करायचा तर रस्त्यात कुठे करणार? तो स्टेशनपर्यंत तसाच राहिला.

परतीच्या गाडीत मधल्या एका स्टेशनावर एक बाई चढली. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकची पिशवी. समोर बसली, दोन मिनिटं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "भाऊसाहेब ना? निंभोरकर भाऊसाहेब?"

मनकर्णाबाई. देवरावांच्या एका जुन्या गावची. नवरा वारल्यापासून सहा एकर स्वतः पाहणारी, आणि तोंडाची अशी फटकळ की तिच्या वावरात मोजणीला जाताना सर्कलसाहेब देवरावांना पुढे घालत. स्वेटर उलटा आहे हे तिने पहिल्याच वाक्यात सांगितलं. मग पिशवीतून कपाशीचं एक बोंड काढून देवरावांच्या हातावर ठेवलं. कचेरीत दाखवायला अर्धा किलो घेऊन निघाली होती.

देवरावांनी बोंड तळहातावर तोललं. हिरवंगार, टणक, भरलेलं. त्यांनी नखाने पाकळी उकलली. आत कापूस नव्हताच. पिवळं, कुजकं काहीतरी, आणि त्यात आरामात वळवळणारी गुलाबी अळी.

"आमच्या गावची एकसष्ट पैसे आली," मनकर्णाबाई म्हणाली. "तुमी होते तवा वावरात उतरत होते. आता सायेब गाडीतून पायते. काचबी खाली करत नाई. वरून हिरवं दिसलं, लिवून टाकलं. कोनी इचारलं का, तर म्हने बरं हाये." तिने बोंड परत घेतलं आणि पिशवीत टाकलं. "वरून बरंच दिसते ना, भाऊसाहेब. आतलं ज्याचं त्यानं सांगाव लागते."

मग तिने आपली भाकर सोडली, देवरावांनी पोळी-लोणचं काढलं, दोघांनी एकमेकांना दिलं. ती काय काय सांगत होती. कोणी उभ्या पिकात ढोरं सोडली, कोणी ट्रॅक्टर फिरवला. देवराव ऐकत होते आणि खिडकीबाहेर हिरवी, पोकळ कपाशी मागे जात होती. सव्वा वर्ष रोज संध्याकाळी सातला आपण वच्छलेला एकसष्ट पैसे कळवत आलो, हे त्यांना बडनेऱ्याच्या अलीकडे कुठेतरी उमगलं. काच खाली न करता.

घरी आल्यावर त्यांनी आरती केली. मग कोरा कागद घेतला, समास आखला आणि लिहायला बसले. लिहून झालं तेव्हा सात वाजून गेले होते. त्यांनी पुण्याला फोन लावला.

"जेवले का?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"एक कागद वाचून दाखवतो. मधात बोलू नको."

आणि देवरावांनी वाचलं. सरकारी आवाजात, ज्या आवाजात ते चावडीवर वाचत. मौजे निंभोरकर यांचे घर. पाहणी प्रत्यक्ष जागेवर. खिचडी, आठवड्यातून पाच दिवस. उरलेले दोन दिवस बेबीताईंकडून आलेलं वरण. देवाला नैवेद्य, साखर. स्वेटर उलटा घातल्याचे परक्या व्यक्तीने लक्षात आणून दिले. दिवसभरात झालेलं बोलणं, दूधवाल्याशी दोन वाक्यं. कीर्तनानंतरचं बोलणं, निरंक. सप्ताहात सुदाम्याचं आख्यान झालं, त्यावर अभिप्राय देण्यास कोणी उपलब्ध नाही. यापूर्वी वेळोवेळी 'बरे आहे' असे कळवण्यात आले, ते नजरअंदाजाने होते, रद्द समजावे. अंतिम पैसेवारी, चौदा पैसे.

देवरावांनी कागद खाली ठेवला.

वच्छलाबाईंनी तलाठ्याच्या घरात एकतीस वर्षं काढली होती. त्यांना पन्नास म्हणजे काय ते माहीत होतं, आणि चौदा म्हणजे काय तेही.

"याच्यावर पंच कोन आहेत?" त्यांनी विचारलं.

"पंच नाईत," देवरावांनी कबूल केलं. "मी एकटाच होतो."

"मंग कसा होईन पंचनामा? माही हरकत आहे. मी जागेवर येऊन पाहीन. मंग सही करीन. अन् अवो, इथलीबी पैसेवारी मले कोनी इचारली नाई. हे पोरं दिवसभर कामावर. पोरगी झोपली का अकराव्या मजल्यावरून मी रस्त्यावरचे माणसं पायतो. इतक्या वरून माणूस ओळखू येत नाई."

मागे नातीचा आवाज आला, काहीतरी पडलं, गोवर्धन 'काय झालं आई' म्हणाला. वच्छलाबाई त्याला म्हणाल्या, "तुह्या सासूबाईची तब्येत आता सुधरली म्हन्ते ना? चार महिने त्याईले बोलाव. मले घरी काम आहे. पोरीचं तोंड मी फोनवर पाईन, तुह्या बाबाले म्हनतो घेऊन ठेवा एक." मग पुन्हा इकडे, "आयकता ना? कोनताबी घ्या. तिचं तोंड दिसलं म्हंजे झालं."

"हो," देवराव म्हणाले. "कोणताबी घेतो."

"मंग कवा येऊ?"

देवरावांचं तोंड सवयीने उघडलं. स्थळपाहणीला सात दिवसांची नोटीस द्यावी लागते, हा नियम त्यांनी एकतीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता. पुढाऱ्यांसाठी नाही, साहेबांसाठी नाही.

"उद्या," ते म्हणाले. "उद्याच नीघ. थांब, गाडी कितीची आहे ते मी पाहून सांगतो."

"पाहू नका," वच्छलाबाई म्हणाल्या. "मले पाठ आहे."